अर्ध्यावर थांबलेला थाळ

डॉ. उज्वला गांगुर्डे त्या दुपारी इकोच्या खोलीकडे निघाली तेव्हा तिच्या डोक्यात भूतबीत काही नव्हतं, पोटात भूक तेवढी होती. सकाळपासून ओपीडीत मान वर करायला फुरसत मिळाली नव्हती. डबा टेबलावर तसाच ठेवून ती जिना उतरली, कारण उद्या झिपरूचं ऑपरेशन होतं आणि त्याला सर्जनच्या हाती देण्याआधी त्याच्या हृदयाची झडप तिला एकदा स्वतः बघायची होती.

झिपरू सुरगाण्याच्या पलीकडचा, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. वय तिशीच्या आतबाहेर. द्राक्षबागांची छाटणी आली की तो दरसाल दिंडोरीकडे यायचा. यंदा धाकट्या भावाला, केरूला घेऊन आला आणि सोबत अंगात ताप घेऊन आला. बागेजवळच्या डॉक्टरने इंजेक्शन टोचलं की ताप उतरायचा, मग पुन्हा चढायचा. त्याच्या किडलेल्या दाढेकडे कुणी पाहिलं नाही. लहानपणी सांधे सुजून तो महिनाभर अंथरुणाला खिळला होता, तेही कुणी विचारलं नाही. शेवटी एक दिवस धाप लागून तो वेलीखालीच बसला, तेव्हा केरूने त्याला नाशिकला आणलं. उज्वलाने त्याच्या नखांखालच्या बारीक लाल रेघा पाहिल्या, छातीला नळी लावली आणि तिला काय ते समजलं. दाढेतले जंतू रक्तातून हृदयात उतरले होते. लहानपणच्या त्या सांधेतापाने आधीच खराब केलेल्या झडपेवर त्यांनी बस्तान मांडलं होतं.

हा आजार मोठा लबाड. अर्धवट औषधांनी जंतू मरत नाहीत, नुसते दडी मारतात. तपासणीला पाठवलेल्या रक्तात काहीच वाढेना. उज्वलाने धीर करून औषधं थांबवली, वाट पाहिली, दोन्ही हातांतून पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा कुठे चोर सापडला. मग शिरेतून नेमकं औषध सुरू झालं, ते सहा आठवडे द्यायचं होतं. ताप उतरला, पण तोवर झडप कुरतडली गेली होती. रक्त मागे गळत होतं आणि हृदय थकत चाललं होतं. झडप बदलल्याशिवाय हा माणूस वाचणार नव्हता. रक्त द्यायला गावाकडची माणसं आणतो म्हणून केरू जीपने निघून गेला होता.

इकोच्या खोलीत भरदुपारीही अंधार ठेवतात, पडदा नीट दिसावा म्हणून. खिडकीला काळा कागद लावलेला होता. आत स्पिरिटचा वास होता, आणि त्याच्याखाली आज आणखी कसलातरी गोडसर वास येत होता. मेण वितळल्यासारखा. तंत्रज्ञ शेखरने यंत्र सुरू करून ठेवलं होतं. झिपरू डाव्या कुशीवर निजला होता.

उज्वलाची सवय अशी की यंत्राआधी कान. तिने नळी लावली आणि ती थबकली.

काल त्या छातीत करवतीसारखा खरखरीत आवाज होता. आज तिथे सूर होता, खोल आणि घुमणारा. फाटलेली झडप कधीकधी गाते, हे तिला ठाऊक होतं. पुस्तकात लिहिलेलं होतं, तिने दोनदा ऐकलंही होतं. पण तसा सूर ठोक्याबरोबर येतो आणि ठोक्याबरोबर जातो. हा थांबत नव्हता. ठोके त्याच्यातून जात होते आणि तो आपला वाजतच होता.

तिने इको केला. झडपेला नवं छिद्र नव्हतं. सगळं कालच्यासारखंच होतं. रक्ताचा प्रवाह ऐकायचं बटण तिने दाबलं, तर यंत्राच्या स्पीकरमधून तोच सूर खोलीभर पसरला. शेखरने उठून आधी पंखा बंद केला, मग एसी बंद केला.

"मॅडम, अर्थिंगचा प्रॉब्लेम असेल..." तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

झिपरूने डोळे उघडले.

"थाळ लागला, बाई," तो हळूच म्हणाला.

"काय लागलं?"

"थाळ. तुमाला बी ऐकू येतोय ना? मला वाटलं मलाच येतोय."

मग त्याने थांबून थांबून सांगितलं. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याच्या दिसाला, म्हणजे दिवसकार्याला, थाळ लावतात. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटं ओढत राहायचं. थाळी घुमते. त्या सुरावर थाळकरी कथा सांगतो आणि कथेच्या वाटेने गेलेल्याला पोचवून येतो.

"आज कोणासाठी लागलाय?" उज्वलाने विचारलं. आपण हे का विचारतोय, हे तिलाही कळलं नाही.

"नाव अजून आलं नाय," झिपरू म्हणाला. "नाव मागनं येतं..."

उज्वलाचे वडील शाळामास्तर. अंधारात भूत आहे म्हणून ती लहानपणी रडली की ते हातात बॅटरी द्यायचे आणि म्हणायचे, जा, बघून ये. ती बघून यायची, आणि तिथे काही नसायचं. त्या शिकवणीवर तिचं आजवरचं आयुष्य चाललं होतं. आता तिने बघितलं होतं आणि बघूनही काही उलगडत नव्हतं.

वॉर्डात परतल्यावर झिपरूची नाडी मंदावू लागली. औषधं वाढवली, ऑक्सिजन वाढवला. उपयोग होत नव्हता. कारण शोधायला उज्वलाने सिस्टर वैष्णवीला गेल्या दोन-तीन दिवसांतलं सगळं बारकाईने विचारलं. काय दिलं, काय काढलं.

"वेगळं काही नाही मॅडम. परवा पोटाचा स्कॅन झाला ना, त्याच्याआधी करदोडा काढला. त्याच्यात ताईत होता, धातूचा. गाठ सुटेना म्हणून कात्रीने कापला. त्याच्या कपड्यांच्या पिशवीत घालून केरूकडे दिला."

पलंगावरून झिपरूचा हात कमरेकडे गेला. ग्लानीत त्याला समजलंच नव्हतं. बोटं रिकाम्या कमरेवर फिरली.

"तोडला?" तो म्हणाला. "जित्या माणसाचा तोडत नाय, बाई..."

वैष्णवीचा चेहरा पांढरा पडला. पुरुष मेला की त्याचा करदोडा तोडतात, हे तिलाही माहीत होतं, तिच्याही घरी तसंच करतात. पण स्कॅनच्या घाईत कात्री चालवताना असं कुणाच्या मनात येतं?

केरूचा फोन लागत नव्हता. संध्याकाळ होत आली तेव्हा त्याचाच आला. तो घराच्या मागच्या टेकाडावर चढून बोलत होता, तिथेच काय ती रेंज यायची. धापा टाकत त्याने जे सांगितलं ते असं. रक्त देणारी माणसं गोळा करायला तो वाटेत मामाच्या पाड्यावर उतरला आणि पिशवी जीपवाल्या राजूबरोबर पुढे घरी धाडली. राजूने ती आईच्या, चिमणाबाईच्या हातात दिली. दवाखान्यातून आली, एवढंच बोलला आणि पुढच्या सवारीला गेला. चिमणाबाईने पिशवी उघडली. आत लेकाचे कपडे होते आणि कापलेला करदोडा. सोबत केरू नव्हता. विचारायला फोन नव्हता. आणि तुटलेला करदोडा घरी आल्यावर आईने विचारायचं तरी काय? देह नाही म्हणून तिने गवताचा झिपरू करवून घेतला आणि दिस मांडला.

"मी आत्ताच पोचलो, ताई. भाऊ जिता हाय ना? अंगण भरलंय... थाळ दुपारधरनं चालू हाय."

फोनमधून, केरूच्या आवाजामागून, तो सूर येत होता. उज्वला झिपरूच्या पलंगाशी उभी होती. तिने नळी एका कानाला लावली, दुसऱ्या कानाला फोन होता. दोन्हीकडे एकच सूर होता. तसूभरही फरक नव्हता.

"थांबवा!" ती ओरडली. "केरूभाऊ, आधी ते थांबवा. तुमचा भाऊ जिवंत आहे."

"ताई..." केरू अडखळला. "मधीच नाय थांबवत. थाळकरी म्हणतो, अर्ध्या वाटंला थाळ थांबला तर ज्याला पोचवायचं तो अर्धाच ऱ्हातो तिकडं... अर्धा इकडं..."

झिपरूचे ओठ हलले. "नाव आलं," तो पुटपुटला. "माझंच हाय."

मॉनिटरवरचे ठोके विरळ होत होते. एरवी असल्या बोलण्यावर उज्वला हसली असती, चिडली असती. आता तिला खरीखुरी भीती वाटली, आणि त्याहून जास्त त्या माणसाला हातचं जाऊ द्यायचं नाही ही जिद्द वाटली. थाळ पुरा झाला तर तो जाईल, यात तिला शंका उरली नव्हती. अर्ध्याचं पुढे बघता येईल.

"माझ्यावर सोडा," ती म्हणाली. "थांबवा!"

टेकाडावरून केरू खाली अंगणाकडे ओरडल्याचं तिला ऐकू आलं. "थांबवा रं! जिता हाय माझा भाऊ! थांबवा!" कुणीतरी बाई मोठ्याने किंचाळली. आणि फोनमधला सूर तुटला.

त्याच क्षणी नळीतलाही तुटला. मागे राहिली ती कालचीच खरखर, ठोक्यागणिक येणारी. एरवी जी ऐकून डॉक्टरचं काळीज दचकावं, ती ऐकून उज्वलाला रडू आलं.

झिपरू वाचला. दुसऱ्या दिवशी केरू माणसं घेऊन आला, ऑपरेशन झालं, धातूची नवी झडप बसली. राहिलेली इंजेक्शनं पुरी करून तो आपल्या पायांनी घरी गेला. वैष्णवीने तो जाताना बाजारातून नवा करदोडा आणून त्याच्या हातात ठेवला. तो सूर नंतर कुणी ऐकला नाही. उज्वलाने त्यावर विचार करणं सोडून दिलं, निदान तसं ती स्वतःला सांगत होती.

होळीनंतर झिपरू तपासणीला आला. अंगाने भरला होता, गालांवर तुकतुकी होती. या खेपेला चिमणाबाई सोबत होती. उज्वलाने त्याची छाती तपासली. नवी झडप घड्याळासारखी टकटक करत होती, बाकी सगळं स्वच्छ. तिने त्याला तपासणीचं रक्त द्यायला खाली पाठवलं. म्हातारी मात्र उठली नाही. दार लागल्याची खात्री करून तिने खुर्ची पुढे ओढली.

"ह्याचं झालं, बाई. आता त्याचं बघा."

"कुणाचं, मावशी?"

"माज्या झिपरूचं."

"अहो, झिपरूच तर आत्ता खाली गेला."

"त्यो बरा हाय. मी कुठं नाय म्हणते? त्याला भाकर वाढते, त्यो बी माझाच हाय." म्हातारीने आवाज आणखी खाली आणला. "पण दुसरा अंगणात बसतो. थाळ मांडला व्हता तिथं. उन्हं कलली का येतो. घरात ये म्हणलं तर येत नाय. बोलत नाय. मी कपाळाला हात लावते, तर हात भाजतो..."

"आणि झिपरू? त्याला दिसतो?"

"त्यो कडंनं निघून जातो. तिकडं बघत नाय."

उज्वलाला म्हणायचं होतं की मावशी, तुम्ही लेकाच्या मरणाचा धसका घेतलाय, तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते. शब्द जुळवूनही झाले होते. पण तापाच्या प्रत्येक रोग्याला ती जे विचारत आली होती, तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"घाम येतो का त्याला, रात्रीचा?"

चिमणाबाईचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत कुणीतरी तिला नीट विचारलं होतं.

"लय येतो, बाई," ती म्हणाली. "सकाळी तिथली माती ओली असती. मी रोज सारवून घेते."