धूळ समजून

निगेटिव्ह स्कॅन करायची म्हणजे काय, बटण दाबलं की झालं, असं लोकांना वाटतं. त्यांचं काय जातंय म्हणायला! स्कॅनिंगचं दुकान चालवणाऱ्या धाकट्याला विचारा. फिल्म आधी फुंकणीनं साफ करायची, चौकटीत ताठ बसवायची आणि सॉफ्टवेअरला रंग भडक करायचा चोंबडेपणा करू द्यायचा नाही. त्यातली एकच सोय तो डोळे झाकून वापरायचा, ती म्हणजे 'धूळ काढा'. मशीन फिल्मवरून इन्फ्रारेड किरण फिरवतं. रंगीत चित्रातून ते आरपार जातात, अडतात फक्त धुळीला आणि ओरखड्यांना. जिथं अडले तिथं सॉफ्टवेअर आजूबाजूचं बघून बेमालूम रंग भरतं.

त्या दुपारी त्याची थोरली बहीण, ताई, दुकानात आली ती ट्रंकेच्या तळाशी सापडलेली निगेटिव्ह घेऊनच.

"बाळ्या, यात आई आहे रे."

धाकट्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. आई गेली तेव्हा तो धड रांगतही नव्हता. घरात तिचा एकही फोटो नाही. 'अगदी आईवर गेलायस' हे ऐकता ऐकता केस पिकले, पण गेलाय कुणावर ते बिचाऱ्याला कधी दिसलंच नाही.

त्यानं फिल्म उजेडाला धरली. पायरीवर फ्रॉकातली ताई, दारात तान्ह्या धाकट्याला कडेवर घेतलेली आई. आणि आईची मान नेमकी आत वळलेली.

"आतून कुणीतरी हाक मारली तिला," ताई म्हणाली. "बाबांनी तेवढ्यात बटण दाबलं. त्यांची घाई तुला ठाऊकच आहे."

"असू दे. पाठमोरी तर पाठमोरी. केसन् केस दाखवतो तुला."

पडद्यावर चित्र आलं. फ्रॉकवरची फुलं लख्ख दिसत होती, मागच्या भिंतीवरची खुंटीसुद्धा. आई मात्र नव्हती. बाळ हवेतच बसलं होतं.

"अगं बाई! आई कुठंय?"

"धूळ समजून काढली मशीननं." तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. रंगीत फिल्मवरचं माणूस इन्फ्रारेडला दिसतच नाही, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. त्यानं नुसतं इन्फ्रारेडचं चित्र उघडलं. पांढऱ्याफटक पडद्यावर दोन-चार ओरखडे होते आणि मधोमध एक बाई, काळीभोर, अख्खी.

त्यानं ती सोय बंद करून पुन्हा स्कॅन केलं. आई परत आली. पण आता तिचा कान दिसत होता.

"फिल्म फुगली असेल," तो पुटपुटला. काचेखाली दाबून त्यानं पुन्हा स्कॅन केलं. आता गालही दिसायला लागला. धाकट्याला भीती वाटायला हवी होती, पण वाटेना. उलट डोळ्यांवर गोड गुंगी येत होती, कुणीतरी खांद्यावर थोपटत असल्यासारखी. डोक्यावरचा पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज कुठंतरी लांब चालला होता.

"बाळ्या, हे बघ." ताईनं इन्फ्रारेडच्या चित्रावर बोट ठेवलं. आईच्या खांद्यावर आता एक इवलासा हातही काळा उमटला होता.

"कुणाचा गं?"

"तुझाच की! पुरे झालं. मला नको तो फोटो. ऊठ, घरी चल."

"ताई, तू तिला पाहिलंयस. मी नाही."

ताईनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

"एकदाच. तू शेजारून चहा घेऊन ये, तोवर होतंय."

ती गेली. दारातून दोनदा मागे वळून बघत गेली.

मशीनचा उजेड सावकाश सरकला.

आईनं मान पूर्ण वळवली होती.

नाक त्याचंच. हनुवटी त्याचीच. धाकट्याला रडू फुटलं. "आई," तो म्हणाला. समोर बघून हा शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कडेवरच्या बाळाकडे बघून हसत होती.

इन्फ्रारेडमध्ये आता दोघंही होती. अख्खी.

दार वाजलं. ताई आत आली. हातात चहाचा एकच कप होता.

"ताई, अगं लवकर ये! दिसली!"

ताईनं त्याच्या खुर्चीवरून नजर फिरवली. मग गल्ल्याशी उभी राहून, परक्या दुकानात देतात तशी तिनं हाक दिली, "अहो, कुणी आहे का आत?"