चौदा सेकंदांचा सिग्नल

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासोबत घडलंय, आणि तेही भर दुपारी. मंगळवार होता, पावणेबारा वाजले होते. डोळ्यांच्या दवाखान्यासमोरचा चौक.

पटलं नाही तर सोडून द्या.

माझी बायको वाहतूक इंजिनिअर होती. मी लेथ मशीनवरचा माणूस. रस्ता आधी चालणाऱ्याचा, मग गाडीचा, हे तिनं तीस वर्षं साहेबलोकांना सांगितलं. ऑफिसात तिला 'झेब्रा मॅडम' म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची.

शेवटची सहा वर्षं ती या एकाच सिग्नलमागे लागली होती. पायी ओलांडायला फक्त चौदा सेकंद. डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी माणसं चौदा सेकंदांत कशी जाणार? ती त्यांच्या मागून चालत वेळ मोजायची, रस्त्यावर खडूनं खुणा करायची, पंचवीस सेकंदांसाठी अर्ज करायची. गाड्यांची रांग लागेल म्हणून अर्ज परत यायचा.

पुरुषाला सवत नसते म्हणतात. मला होती. तो चौक.

शेवटच्या दिवशी तिचा हात माझ्या हातात होता. वाटलं, आता तरी आपल्याविषयी काही बोलेल.

"अहो, त्या फाईलचं बघा," ती म्हणाली.

मी नाही बघितलं. फाईल माळ्यावर टाकली.

चार महिन्यांनी चौकातल्या घड्याळवाल्यानं मला हाक मारली. त्याचं दुकान सिग्नलच्या अगदी समोर. म्हणाला, म्हातारं माणूस रस्त्यात असलं की चालणाऱ्यांचा दिवा हिरवाच राहतो... ते पलीकडे पोचेपर्यंत.

मी हसलो.

"सेकंद मला शिकवू नका," तो म्हणाला.

मग मीच उभा राहिलो. कॉलेजची पोरं गेली. चौदा. एक बाई पिशव्या घेऊन गेली. चौदा.

मग पट्टी बांधलेल्या एक आजी निघाल्या.

चौदा... अठरा... सव्वीस...

गाड्या थांबलेल्या. एकही हॉर्न नाही.

आजी एकट्याच होत्या. पण फुटपाथवर चढल्यावर मागे वळून म्हणाल्या, "येते गं बाई."

कोण बाई, मी विचारलं. जिनं कोपराला धरून आणलं ती, आजी म्हणाल्या. हात गार होता, पण फार मायेची.

त्यांच्या काळ्या बाहीवर पांढरी बोटं उमटली होती...

खडूची.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. चार महिने मी घरात एकटा बसतोय. एक भांडंसुद्धा वाजत नाही. आणि ही इथं परक्यांचे हात धरते.

सिग्नलखात्याच्या माणसानं पेटी उघडून बघितली. चौदाच लावलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याची काठी मागून आणली. कंबरेत वाकलो, पाय ओढत निघालो.

चौदाव्या सेकंदाला दिवा लाल. चारी बाजूंनी हॉर्न. काका, नाटक घरी करा, असं एक टॅक्सीवाला ओरडला.

घड्याळवाला हसू दाबत होता. म्हणाला, माणसांची चाल बघण्यात तिचा जन्म गेला, तिला कसं फसवणार?

मंगळवारी मी काठी नेली नाही. दिवा लाल असताना पाय टाकला.

मरायचं नव्हतं. तिनं धरावं, एवढंच.

ब्रेक किंचाळले...

मग काहीच नाही.

सामानाची गाडी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर उभी होती. मला कुणीही धरलं नव्हतं.

ड्रायव्हर खाली उतरला. माझ्या शेजारून पुढे गेला, वाकून चाकांखाली बघू लागला.

"बाई कुठे गेल्या?"

"कोण बाई?"

"हात आडवे करून उभ्या होत्या. तुम्ही तर मला दिसलाच नाहीत."

मी एवढंच विचारलं, "तोंड कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे. सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या."

म्हणजे माझ्याकडे पाठ.

याला आठ महिने झाले. त्या ड्रायव्हरचं घर मी शोधून काढलंय. अधूनमधून जातो. ती थकलेली दिसत होती का, केस कसे होते, एवढंच विचारतो.

परवा त्यानं दार अर्धंच उघडलं. हात जोडले. म्हणाला, "काका, आता येऊ नका. मला ते विसरायचंय."

माझी बायको त्यानं बघितली. आणि त्याला ती विसरायचीय.