जरासा धक्का

बसा. दार लोटून घ्या. आणि तो मॉनिटर वाजतोय तसा वाजू दे, त्याचा आवाज कमी करायचा नसतो हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंय. भीती वाटली म्हणून नियम बदलत नाही.

ही गोष्ट माझ्या जिवावर बेतलेली नाही. पण ज्याच्या बेतली, तो बावीस वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत बसायचा. मी एक्स-रेच्या खोलीत, तो हृदयाच्या यंत्रांच्या. सदानकदा तारांच्या गुंत्यात, म्हणून सगळे त्याला तारमास्तर म्हणायचे. ठोका चुकतोय असं सांगत कुणी आलं, की याच्यापुढे. हा छातीवर चिकट बटणं लावणार, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढणार, आणि डॉक्टरांनी बघायच्या आधी ओळखणार, की हा माणूस नुसता घाबरलाय की खरंच आत काही बिघडलंय. हात सोन्यासारखा. फक्त एक खोड होती. कामाचा कंटाळा नव्हता, पण माणसाच्या रडगाण्याचा होता.

त्याचा एक पेशंट होता, सुतार. सहा फूट उंच, मनगट माझ्या पोटरीएवढं. एके दिवशी करवतीवर काम करता करता तो धाडकन कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा सगळं ठीक. पट्टी काढली तर तीही स्वच्छ. तारमास्तरनं त्याच्या कमरेला चोवीस तासांचं नोंद यंत्र बांधून घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी चोर सापडला. रात्री साडेतीनला चौदा सेकंद हृदय भरधाव सुटलं होतं. आणखी चौदा सेकंद टिकलं असतं, तर सुतार सकाळी उठलाच नसता. गोळ्या दिल्या, पण त्यांनी भागेना. मग डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत डबी बसवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिची तार शिरेतून हृदयात. हृदय उधळलं की डबी आतल्या आत विजेचा झटका देते आणि गाडी रुळावर आणते.

तीन वर्षांत त्या डबीनं सुताराला पाच वेळा मागे ओढून आणलं. प्रत्येक वेळी तो तपासणीला आला की तारमास्तर विचारायचा, "कसं वाटलं? जरासा धक्का बसला असेल ना?" सगळ्यांना तो हेच सांगायचा. जरासा धक्का बसतो, घाबरायचं नाही.

सुतार एकदा म्हणाला, "मास्तर, जरासा? छातीत आतून घणाचा घाव बसतो. मी लाकडावर घण घालणारा माणूस आहे, मला विचारा. एकदा घेऊन बघा तुम्ही."

तारमास्तर हसला. पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता नीट ऐका. सुताराचं हृदय हळूहळू पार थकलं. ठोका बिघडायचा तो बिघडायचाच, पण आता पंपच चालेना. पाय सुजले, झोपून श्वास येईना. डॉक्टरांनी घरच्यांना जवळ बसवून सांगितलं, आता घरी न्या, तुमच्यात राहू द्या. आणि एक गोष्ट लेखी दिली, झटके बंद करायचे. का, ते कळतंय का? मरताना हृदय उधळतंच. डबीला काय माहीत, माणूस जायला निघालाय? ती बिचारी आपलं काम करणार. झटका, परत झटका, परत. शांत मरायला आलेला माणूस खाटेवर उडत राहतो. मी पाहिलंय हो एकदा. परत बघायचं नाही.

तो दिवस डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. सुताराला दुपारी घरी नेलं तेव्हा डब्यांशी बोलणारं यंत्र ऑपरेशनच्या खोलीत अडकलेलं होतं. तारमास्तर सुताराच्या मुलीला म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. संध्याकाळी मी घरी येऊन बंद करतो. पाच मिनिटांचं काम."

सात वाजता त्यानं यंत्राची बॅग स्कूटरच्या पुढ्यात ठेवली आणि निघाला. थंडी मी म्हणत होती. चौकात आला. डावीकडे सुताराचं घर, सहा किलोमीटर. उजवीकडे स्वतःचं, पाच मिनिटांवर. तिथं त्यानं स्कूटर थांबवली आणि मुलीला फोन लावला.

"उद्या सकाळी आठला येतो. पक्कं."

"काका, आजच या ना. बाबांचं काही खरं दिसत नाही. दोनदा विचारलं त्यांनी, मास्तर आले का म्हणून."

"अगं, एका रात्रीनं काय होतंय?"

बॅगेत एक गोल चुंबक होतं. ते डबीवर चिकटपट्टीनं लावून ठेवलं तरी झटके थांबतात. हे तारमास्तरला माहीत होतं, मुलीला नव्हतं. तेवढं नेऊन दिलं असतं तरी चाललं असतं. पण गेलं की चहा घ्या, बसा, सुताराच्या बायकोचं रडणं... त्याच्या जिवावर आलं. तो घरी गेला. जेवला. फोनचा आवाज बंद केला आणि झोपला. मित्र होता माझा, तरी सांगतो, नीच काम केलं त्यानं.

दोन वाजून सतरा मिनिटं.

तारमास्तर झोपेतून उठला नाही, फेकला गेला. छातीच्या आतून कुणीतरी घण मारला. तोंडातून किंकाळी निघाली ती त्याची त्यालाच ओळखू आली नाही. पलंगाच्या कडेवर डोकं आपटलं. त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, दिवा लावला.

"अहो! काय झालं? स्वप्न पडलं का?"

त्यानं मनगट धरून नाडी बघितली. ठीक होती. एकसारखी. त्याला वाटलं, पायात गोळा येतो तसा छातीत आला असेल. पाणी प्यायला पेला उचलला.

दोन एकोणीस.

पेला भिंतीवर फुटला. दात जिभेत रुतले. रक्त हनुवटीवरून गंजिफ्रॉकवर. वहिनी ओरडायला लागल्या, शेजाऱ्यांना बोलावते म्हणाल्या. तारमास्तरनं हातानंच नको म्हटलं. चाचपडत फोन घेतला.

मुलीचे अकरा फोन येऊन गेले होते. पहिला एक चाळीसला. शेवटचा दोन चौदाला.

त्यानं उलट लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"कुठे निघालात असे? दवाखान्यात जायचं तर मी येते," वहिनी म्हणाल्या.

"डबी," तो म्हणाला. जीभ सुजलेली, शब्द फुटत नव्हता. "डबी बंद करायचीय."

जिन्यात तिसरा बसला. आठ पायऱ्या तो तसाच गडगडत खाली गेला. कपाळ फुटलं. बॅग मात्र पोटाशी धरलेली. कशी उभी केली स्कूटर, देव जाणे.

रस्ता मोकळा. दोन्ही बाजूला बंद दुकानं. तो मोठ्यानं आकडे म्हणत होता. पाच. सहा. प्रत्येक घावाला हँडल सुटायचं. सातव्याला स्कूटर दुभाजकावर गेली. तो डाव्या कुशीवर पडला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. श्वास घेताना सुरी फिरत होती. मी असतो तर तिथंच पडून राहिलो असतो. तो उठला. परत बसला. किक मारली.

तेव्हा स्कूटर मागून दबली.

जड माणूस मागं बसला की दबते... तशी.

त्यानं आरशात बघितलं. आरसा फुटला होता.

एक हात आला. काखेखालून. पुढं. त्याच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पंजा टेकला. थंड. लाकडाचा भुसा लागलेला.

कानाशी कुणीतरी बोललं. शांतपणे. तपासणीच्या खोलीत बोलतात, तसं.

"घाबरायचं नाही, मास्तर... जरासा धक्का बसेल."

आठ.

...

पुढचे चार किलोमीटर त्यानं मला कधीच सांगितले नाहीत. विचारलं की उठून जायचा.

सुताराचं घर बैठं. पुढं कारखाना, मागं दोन खोल्या. मुलगी दारात उभी होती. रडून डोळे लाल. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्या रक्ताकडेही बघितलं, तरी बाजूला झाली नाही.

"आता आलात?"

"किती... किती बसले त्यांना?"

"काय किती?"

"झटके. किती वेळ... मला आत जाऊ दे, मी बंद करतो."

"एकही नाही," ती म्हणाली. "दोन वाजून सोळा मिनिटांनी गेले. आईनं घड्याळ बघितलं. आईचा हात हातात होता. हू नाही की चू नाही. तुमचंच नाव घेत होते शेवटी. मास्तर येतील म्हणाले, आणि गेले. जा तुम्ही. आता काय करायचंय तुमचं?"

तारमास्तर बॅग उघडायला वाकला. आणि पंधरावा बसला. तो मागच्या मागं रचलेल्या फळ्यांवर गेला. फळ्या कोसळल्या. मुलगी बाजूला झाली. तो उठू शकला नाही, कोपरांवर सरपटत आत गेला.

खाटेवर सुतार. तोंड मिटलेलं. झोपल्यासारखा. उशाशी बायको.

त्यानं यंत्र उघडलं. त्याच्या तारेचं चपटं टोक सुताराच्या छातीवर, डबीवर टेकवलं. पडदा उजळला.

सरळ रेघ. हृदय बंद. सरळ रेघेवर डबी झटका देत नाही. कधीच नाही. तिची जातच तशी नाही.

पडद्यावर अक्षरं आली.

चार्जिंग. डबी पुढचा झटका भरत होती.

त्यानं बटणाकडे हात नेला. मनगट धरलं गेलं.

सुताराचे डोळे मिटलेले. चेहरा तसाच. फक्त हात. तो हात उठला होता आणि त्यानं तारमास्तरचं मनगट पकडलं होतं. हाडं एकमेकांवर घासली. तारमास्तर ओरडला.

अठरा. एकोणीस. वीस. हात सोडेना. प्रत्येक घावाला तो खाटेवर आपटायचा आणि त्या पकडीत लटकायचा. मुलगी भिंतीला चिकटून किंचाळत होती.

"चुकलो," तो म्हणत होता. "चुकलो. चुकलो हो. यायला हवं होतं मी."

एकवीस.

बावीस.

मग ती म्हातारी उठली. घाबरली नाही. चाळीस वर्षं संसार केला होता तिनं, नवऱ्याचा राग ओळखीचा होता. तिनं त्या हातावर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली. "सोडा. तुम्ही सुखानं गेलात ना? मग झालं. मरेल तो. त्याच्याही घरी कुणीतरी जागं बसलं असेल. सोडा आता... माझं ऐका."

...

तेविसावा बसला.

आणि पकड सैल झाली. बोट बोट करून. तारमास्तरनं बटण दाबलं. तीन वाजून चार मिनिटं. पडद्यावर आलं, झटके बंद.

म्हातारीनं सुताराचा हात परत छातीवर ठेवला, चादर नीट केली आणि मुलीला म्हणाली, "मास्तरांना पाणी दे." मग मात्र ती रडली. तारमास्तरही रडला, तिच्या पायांशी बसून, लहान पोरासारखा.

डबीतली नोंद नंतर डॉक्टरांनी बघितली. दोन सतरा ते तीन चार, झटके तेवीस, सगळे पूर्ण ताकदीचे. सगळे शरीरात गेलेले, हवेत नाही, तेही डबी लिहून ठेवते. मेलेल्या माणसाला डबीनं तेवीस झटके दिले आणि त्याचा हात धरून बसलेल्या बायकोला साधी थरथर लागली नाही. डॉक्टर म्हणाले, यंत्रात दोष असेल. बरं, असेल.

तारमास्तर त्यानंतर नऊ वर्षं काम करत होता. मरायला टेकलेल्या माणसाचं बोलावणं आलं की जेवणाचं ताट सोडून जायचा. बंद करून झालं तरी तासभर तिथंच बसायचा, सगळ्यांचं सगळं ऐकून घ्यायचा. आणि जरासा हा शब्द मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

पण तुम्हाला दाखवायचं राहिलं. त्या रात्रीनंतर सकाळी सातला वहिनी त्याला रिक्षात घालून घेऊन आल्या. कपाळाला टाके घातले. बरगडीसाठी डॉक्टरांनी एक्स-रे लिहिला. छाती मी स्वतः पुसली होती. कातडीवर ओरखडा नव्हता, व्रण नव्हता, काही नव्हतं. मी त्याला उभा केला, श्वास धरायला सांगितला, फिल्म काढली. ती बघितली आणि त्याला काही न बोलता दुसरी काढली. दुसरी स्वच्छ निघाली. तीच वर पाठवली.

पहिली ही. त्यालाही कधी दाखवली नाही. धरा, उजेडात धरा. खाली कोपऱ्यात नाव वाचा, तारीख वाचा. डावीकडची सहावी बरगडी बघा, ताजी मोडलेली. दुभाजकावर मोडली ती. म्हणजे छाती त्याचीच आहे, त्यात वाद नाही.

आता गळपट्टीच्या हाडाखाली बघा. ती पांढरी डबी. आणि तार... बोट ठेवून जा तिच्यावरून. थेट त्याच्या हृदयात जाते, बघा.