दाराआडचा हात

सुगी उरकली, खळं झाडून झालं, की छबूबाई कासारीण शेळगावात उधारी गोळा करायला यायची. बाई वरकुट्याची. हा गाव धरून तिला दोनच वर्षं झाली होती. लिहिण्या-वाचण्याशी संबंध नाही. घरागणिक एक सुतळी ठेवायची, आणि बांगड्यांनी हात भरला की त्या घरच्या सुतळीला एक गाठ मारायची. त्या दिवशी कुंडलिकच्या ओसरीवर बसून तिनं सुतळी उलगडली आणि त्याची बायको सारजा हिच्यापुढं धरली.

"पाच येळा हात भरला तुमच्या घरी. पाच पायल्या जुंधळं घाला."

"पाच? अगं बया! म्या दोनदाच भरल्या, पंचमीला आन् दिवाळीला. सुतळी पावसात वाढली काय तुझी?"

छबूबाई हसली नाही. "बाकीच्या तुमच्या न्हाईत, सारजाबाई. पर घर तुमचंच हाय."

सारजा ही कुंडलिकची दुसरेपणाची बायको. पहिली झुंबर, तापानं गेलेली. राणीछाप रुपया आटवून बारामतीच्या सोनारानं झुंबरच्या नावाचा चांदीचा टाक घडवला, आणि लग्नातच तो सारजाच्या गळ्यात पडला. मेलेल्या सवतीचा मान तो. नवं लुगडं, नव्या बांगड्या आधी टाकाला टेकवायच्या, "बाई, तू ले, मग मी लेते" म्हणायचं. सारजा म्हणायची, पण दात-ओठ खात. जित्या सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात, हिचं काय उपटणार? कुंडलिक जेवता जेवता नुसता कुठंतरी बघत राहिला, तरी सारजाचा घास तोंडात फिरायचा. अखेर गेल्या आखाडात तिनं टाक उतरवला आणि माजघरातल्या जोंधळ्याच्या कणगीत, बुडाच्या भोकातून खोल खुपसून ठेवला. सासूला सांगितलं, दोरा कुजला, देव्हाऱ्यात ठेवलाय. तेव्हापासून बांगड्या फक्त तिच्या होत्या.

"मग हात भरलास कुणाचा?" तिनं विचारलं.

"तिन्ही येळा तुमी मळ्यात खुरपायला, तुमच्या सासूबाई बाजाराला. म्या हाळी दिली. दार लोटलेलं व्हतं. आतनं हात आला भाईर, कोपरापतुर. कोण म्हणून इचारलं, तर म्हणं, घरातलीच हाय. पैशाचं इचारलं, तर म्हणं... धन्याच्या नावावर धर."

सारजाच्या कानशिलात जाळ झाला. माझ्या घरात! माझ्या उंबऱ्याच्या आत!

"गोरी व्हती?"

"तुमच्यापरास उजळ."

"बांगड्या कंच्या घेतल्या सटवीनं?"

"हिरव्या, सोनेरी वर्खाच्या."

सारजाच्या हातात साधी काकणं होती. वर्खाच्या मागितल्या तेव्हा कुंडलिक म्हणाला होता, कशाला?

"खूण सांग. गावाचे हात तुला पाठ असत्यात."

"डावी करंगळी आत वळलेली. त्यामुळं तर बांगडी कशी पाण्यागत गेली."

ओसरीच्या कोपऱ्यात सासू, प्रयागबाई, जोंधळा पाखडत होती. तिच्या हातातलं सूप पडलं.

"झुंबरची..." म्हातारी पुटपुटली. "मोटंच्या नाड्यात घावली व्हती करंगळी तिची. सारजे... टाक कुठं हाय?"

सारजा माजघरात गेली. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. जुन्या जोंधळ्याचा कोंदट वास. आणि त्या वासात आणखी एक... ओल्या हळदीचा. तिनं कणगीचा बोळा काढला. दाणे पायांवर सळसळत ओघळले. तिनं डावा हात आत घातला, खांद्यापर्यंत. वर पत्रा तापलेला, पण दाणे विहिरीच्या तळासारखे गार.

बोटांना टाक लागला. तिनं मूठ आवळली.

आणि आतून कुणीतरी तो हात धरला.

हिसका नाही, ओढ नाही. कासारीण धरते तसा धरला. आंगठा आत मुडपला, बोटांची पेरं एकावर एक दाबली. मग मनगटावर गार काहीतरी सरकलं. किण्... थोड्या वेळानं पुन्हा... किण्.

हात सुटला तेव्हा ती दारापर्यंत सरपटत आली. मुठीत टाक होता. मनगटावर साध्या काकणांच्या वर हिरव्या, वर्खाच्या बांगड्या. आणि करंगळी आत वळलेली. दुखत नव्हती. फक्त सरळ होत नव्हती.

टाक पुन्हा गळ्यात बांधून, पाचच्या पाच पायल्या मोजून तिनं कासारणीला वाटेला लावलं.

दिवेलागणीला कुंडलिक जेवायला बसला. ती भाकरी वाढत होती. त्याची नजर तिच्या हातावर गेली आणि तिथंच राहिली. त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. लग्न झाल्यापासून कधी घेतला नव्हता.

"कवा आलीस?" तो हळूच म्हणाला.

मी सारजा हाय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण बोलली असती तर त्यानं हात सोडला असता. तिनं हात तसाच राहू दिला. चुलीच्या उजेडात वर्ख चमकत होता.

पंचमीला छबूबाई आली. ओसरीवर गावची वडीलधारी माणसं बसली होती, म्हणून सारजा दाराआड उभी राहिली आणि तिनं हात बाहेर दिला, कोपरापर्यंत. बांगड्या पाण्यासारख्या गेल्या. छबूबाईनं सुतळीला गाठ मारली आणि दाराकडं तोंड करून म्हणाली,

"झालं बाई तुमचं. आता सारजाबाईस्नी बोलवा. त्यांचा बी हात भरायचा हाय."

मी हितंच हाय, असं सांगायला सारजानं तोंड उघडलं.

"ती मळ्यात गेलीया," शब्द बाहेर पडले.