अर्धी नको

"विठ्ठलरावांना मी होकार कळवून टाकला," पाटावर बसता बसता मुकुंदराव म्हणाले आणि सार वाढणाऱ्या कुसुमावतीचा हात जागीच थबकला.

धारवाडच्या मुलींच्या निवासी शाळेनं तिच्या विमलाला अर्धी शिष्यवृत्ती देऊ केली होती. फी माफ, राहण्याजेवणाचा खर्च मात्र घरानं सोसायचा.

"तो खर्च कोण करणार, अण्णा?"

"पुढचं पुढं बघू. माझी दोन्ही मुलं इंजिनिअरिंगला आहेत, तू बघतेसच की."

"मग पूर्ण का नाही मागितली?"

"ते देत होते. मीच नको म्हटलं. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या वकिलाची भाची खैरातीवर शिकते, असं लोकांनी बोललेलं मला चालायचं नाही."

कुसुमावतीनं सार वाढलं, भात वाढला. पण छातीत काहीतरी पेटत होतं... मॅट्रिकला ती अण्णापेक्षा कितीतरी वरच्या नंबरानं पास झाली होती. वडिलांची ऐपत एकालाच कॉलेजात घालण्याची. तेव्हा तिनंच आपण होऊन म्हटलं होतं, अण्णा शिकू दे. तो वकील झाला. तिचं लग्न झालं, वैधव्य आलं, आणि तान्ह्या विमलाला घेऊन ती भावाच्या दारी परतली, त्या दिवसापासून या घरची चूल तिच्या गळ्यात पडली. तिनं कधी शब्दानं बोलून दाखवलं नाही. पण अण्णाचं 'पुढचं पुढं बघू' म्हणजे 'नाही', हे तिला पुरतं ठाऊक होतं. आपलं शिक्षण तिनं स्वतःच्या मर्जीनं सोडून दिलं होतं... लेकीचं सोडून देण्याचा अधिकार तिला नव्हता आणि अण्णाला तर नव्हताच!

सकाळी घरात कुणाला न विचारता ती धारवाडच्या बसमध्ये चढली.

"बर्री, कूडरी," असं कानडीत, या बसा, म्हणत मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्ची पुढं केली. शेजारी शाळेचे विश्वस्त विठ्ठलराव बसले होते. तिचं म्हणणं ऐकून ते अवघडले.

"पूर्ण शिष्यवृत्ती निराधार मुलींसाठी असते, बाई. तुमचे बंधू नामांकित वकील. भाची निराधार नाही, असं सांगून त्यांनीच ती नाकारली."

"ते घर त्यांचं आहे. मी तिथं स्वयंपाक करते आणि दोन घास जेवते. विमलाची पालक मी आहे, आणि माझ्यापाशी काही नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी मधला मार्ग काढला. "मुलीनं सकाळ-संध्याकाळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हात लावला, तर जेवण माफ करता येईल."

"ते तर ती हुबळीतही करते," कुसुमावती शांतपणे म्हणाली. "इतर मुली पुस्तक घेऊन बसतील तेव्हा माझी पोर भांडी घासणार असेल, तर तुमची शिष्यवृत्ती तुमच्यापाशीच राहू द्या. परीक्षेत पहिली आली म्हणून तुम्ही तिला निवडलंत. पहिली आलेल्या मुलीला अर्धं का द्यायचं?"

विठ्ठलरावांनी चष्मा काढून पुसला. "हे तुम्हाला शिष्यवृत्ती समितीपुढं सांगावं लागेल. भावाच्या तोंडावर."

"बोलवा त्यांना."

बैठकीच्या दिवशी मुकुंदराव ताठ मानेनं येऊन बसले. येताना बसमध्ये ते बहिणीपासून दूरच्या बाकावर बसले होते. कुसुमावती उभी राहिली. त्या घरात आपण कोण आहोत, विमलाच्या शिक्षणाला तिथून काहीही मिळणार नाही, हे तिनं सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं.

"मुकुंदराव, हे खरं आहे?" बाईंनी विचारलं.

ते उठले. "खरं आहे," ते म्हणाले. "आणि तिनं एक गोष्ट सांगितली नाही. ती या मुलीएवढीच हुशार होती. माझ्यासाठी तिनं कॉलेज सोडलं. त्या जोरावर मी वकील झालो आणि तिला स्वयंपाकघर दिलं. अब्रूपायी मी विमलाचीही संधी घालवत होतो. मुलीला पूर्ण द्या. काम न लावता द्या."

समितीनं ते मान्य केलं.

बाहेर गुलमोहराखाली मुकुंदराव तोंड फिरवून उभे राहिले. खांदे हलत होते. एरवी भावाच्या डोळ्यांत पाणी दिसताच विरघळणारी कुसुमावती आज पुढं झाली नाही. तिनं त्यांना मनसोक्त रडू दिलं.

"कुसुम, मला क्षमा करशील?"

"आज विचारू नकोस, अण्णा," ती म्हणाली, पण तिनं पदराचं टोक त्यांच्या हाती दिलं. "विमला दारात वाट बघत असेल. तिला ही बातमी तूच सांग. आणि शिष्यवृत्ती कशी मिळाली, तेही सगळं सांग."

मुकुंदरावांनी डोळे पुसले. "सांगेन," ते म्हणाले, आणि दोघं बसथांब्याकडे निघाली.