भरलेली गाडी

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत सुधीर आणि जयमाला यांची पांढरी एट-हंड्रेड हा चेष्टेचा विषय होता. टायर बसलेले, बोनेटवर कबुतरांची मेहेरबानी. तरी दर रविवारी दुपारी जयमाला चहाचा कप घेऊन खाली यायची आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसायची. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेली बाई बंद गाडीत बसून कुठे जाते, हा गॅलरीतल्या बायकांचा आवडता प्रश्न होता.

ती कुठेच जात नव्हती, नुसती वाट बघायची. चहा अर्धा झाला की पाठीमागून सीटला हलकी लाथ बसायची. मग जरा थांबून आणखी एक. तिची मुलगी, लांबसडक केसांची गीतांजली, मागे बसून अशाच लाथा मारायची, आठव्या वर्षी डेंग्यूने गेली तोवर. पहिल्यांदा जयमालाने स्वतःला बजावलं, स्प्रिंग सैल झाली असेल, उन्हाने पत्रा प्रसरण पावत असेल. पुढे तिने कारणं शोधायचं सोडून दिलं. नवऱ्याला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं की हातचं जाईल, अशी धास्ती वाटायची.

गेल्या मार्चमध्ये ती बहिणीकडे नाशिकला जाऊन परत आली, तर पार्किंगमध्ये तेलाचा डाग तेवढा उरला होता.

“दिली,” सुधीर म्हणाला. तो पेपरची घडी घालत होता आणि ती काही केल्या नीट बसत नव्हती. “जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आहेत. द्रोणागिरीला गोडाऊन आहे त्यांचं. सोसायटीवाले मागे लागलेच होते. भंगारात जाण्यापेक्षा बरं ना?”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू देऊ दिली असतीस?”

“सुधीर, त्या गाडीत...”

“माहीत आहे मला.” त्याने मान वर केली नाही. “तू बाहेर गेलीस की मीही बसायचो. माझ्याही पाठीत लाथ बसायची. मला ते सहन होईना, जया.”

ठाऊक नसताना दिली असती तर तिने एक वेळ माफ केलं असतं. पण याने जाणूनबुजून पोटची पोर परक्याच्या दारात नेऊन सोडली होती. तिला त्याचा संताप आला, आणि संतापापेक्षाही किळस आली. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने सुधीरकडून पत्ता घेऊन टॅक्सी केली. द्रोणागिरीला कंटेनरचे ट्रेलर रस्त्याकडेला रांगेने उभे होते आणि खाडीचा खारट कुबट वास सुटला होता. गोडाऊनच्या दारात पांढरी टोपी घातलेले ते गृहस्थ, हौसेराव, स्वतःच सामोरे आले. मूळचे साताऱ्याकडचे, एपीएमसी मार्केटात कांद्याचे व्यापारी. माणूस अदबीचा होता. पाणी विचारलं, खुर्ची दिली.

आत फियाट, अ‍ॅम्बेसेडर, एक काँटेसा. एकीलाही पॉलिश नव्हतं. फाटकी सीट कव्हरं तशीच ठेवलेली. मागच्या काचांवर आतल्या बाजूने लहान बोटांचे ठसे होते आणि ते कोणी पुसले नव्हते.

“हौशी लोक गाड्या चकचकीत ठेवतात,” जयमाला म्हणाली. “तुम्ही धुतसुद्धा नाही?”

“ती लोकं इंजिन बगत्यात, ताई. कुणी आपलं तरुणपण हुडकत्यात. मी आदी मागची सीट बगतो.” त्यांनी ठशांच्या एका काचेकडे बोट केलं. “आमाला लेकरू न्हाई. गाडी घ्यायची तर भरलेली घ्यावी. रिकामी घिऊन काय करू?”

“मला माझी परत हवी आहे.”

“बसून बगा की,” हौसेराव शांतपणे म्हणाले. “तिनं वळखलं तर आत्ता घिऊन जावा. माजी ना न्हाई.”

एट-हंड्रेड अगदी शेवटी उभी होती. जयमाला नेहमीच्या सीटवर बसली. वासही तोच होता, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा.

ती वाट बघत राहिली. बाहेरून दोन ट्रेलर गेले.

“गीतू,” तिने हाक मारली.

काही नाही.

हौसेराव पलीकडून ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

लगेच त्यांची सीट हलली. ते किंचित पुढे झुकले आणि हसले. सीट पुन्हा हलली.

जयमालाने आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

आवाज आला. गीतूचाच, जरासा घोगरा, नुकताच झोपेतून उठलेला.

“बाबा, ह्या काकू कोण? आईच्या जागेवर का बसल्यात?”

नवऱ्याने केलं ते तिने कसंबसं गिळलं होतं. हे गिळता येईना.

तिच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं. हौसेरावांची बायको, रंगूबाई, दारात उभी होती. डोकं पांढरंशुभ्र, चेहऱ्यावर घाई.

“उतरा की, ताई. आमाला जायाचं हाय.”

रंगूबाईच्या हातात कंगवा होता. त्यात एक लांबसडक काळा केस अडकला होता, अजून ओला.