काट्यावरचा हात

रेल्वेला वीज पुरवणाऱ्या उपकेंद्रातल्या पॅनेलसमोर बसून ताईचे केस पिकले होते. थांबलेली गाडी हलवायला सगळ्यांत जास्त करंट लागतो. मीटरचा काटा झपकन चढतो आणि गाडीने वेग धरला की हळूहळू उतरतो. हँडल फिरवायची रीत ज्या त्या चालकाची वेगळी, त्यामुळे गाडीवर कोण आहे हे ती नुसत्या काट्यावरून सांगायची. धाकटा भाऊही चालकच, त्याचा हात तर लाखांत ओळखू यावा. थोडं, थांब, थोडं, मग एकदम.

आणि तोच हात आठवडाभर रोज दुपारी सायडिंगच्या, म्हणजे यार्डातल्या बाजूच्या रुळाच्या, काट्यावर दिसत होता. भाऊ तर निलंबित. त्याच्या गाडीखाली माणूस आला होता आणि चौकशीसाठी ते इंजिन सायडिंगला सील करून ठेवलं होतं. हा चोरून तिथे जातो, पुरावा मिटवतो, या संशयाने तिला अन्न गोड लागेना. सापडला तर नोकरी जाईल, वर तुरुंग. विचारलं तर म्हणे, मी घरातून हललोही नाही.

शेवटी तिने त्याला दुपारी आपल्यासमोरच आणून बसवलं.

काटा हलला. थोडं, थांब, थोडं. ताईला भरून आलं. भाऊ खरं बोलत होता, पाप तिच्याच मनात होतं. पण मग तिथे होतं कोण? तिने यार्डात फोन लावला. रखवालदार हसलाच. इंजिनाच्या मोटारी कधीच काढून नेल्या होत्या, चालणार कशावर? मग म्हणाला, "इंजिनापुढे रुळात कोणीतरी उभं आहे, ताई. थांबा, हाकलून येतो." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात तिचं लक्ष भावाच्या हाताकडे गेलं. टेबलाच्या कडेवर तो सरकत होता. थोडं, थांब, थोडं. काटा त्याच्या मागोमाग चढत होता.

"काय करतोयस तू हे?"

"ताई, घट्ट धर... मी नाही फिरवत."

तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट दाबून धरलं. काटा वरच अडकून थरथरू लागला. मग हिसका बसला आणि हात तिच्या मुठीतून निसटला.

ताई फोनमध्ये रखवालदाराला हाका मारत राहिली. पलीकडून कोणी बोललं नाही. काटा हळूहळू उतरत होता.